प्रतिकारसंस्थेतील जनुकभेद आणि स्किझोफ्रेनिया : 'सी४' जनुकाच्या निमित्ताने काही विचार

रक्तातील 'सी३' आणि 'सी४' या तपासण्यांचे अहवाल आपल्यापैकी बहुतेक चिकित्सकांच्या पाहण्यात येतात. सांधेदुखी, गालांवरील लाली, केस गळणे, मूत्रातून प्रथिन जाणे अशा लक्षणांची तरुण स्त्री ल्युपसचे निदान घेऊन आपल्याकडे येते, तेव्हा तिच्या कागदपत्रांत 'सी४ कमी' अशी नोंद पुष्कळदा आढळते. हे सी४ प्रतिकारसंस्थेतील प्रथिन आहे. त्याचे काम जंतूंशी लढण्याचे आणि मृत पेशींचा निचरा करण्याचे, अशीच आपली समजूत असते. मात्र जानेवारी २०१६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाने याच प्रथिनाच्या जनुकाचा संबंध स्किझोफ्रेनियाशी जोडला. वृत्तपत्रांनी तेव्हा 'वेडाचे मूळ सापडले' अशा थाटाच्या बातम्या दिल्या. मूळ सापडलेले नाही. जे सापडले ते मात्र मोलाचे आहे, आणि ते नीट समजून घेणे वैद्य व औषधविक्रेते या दोघांच्याही दैनंदिन व्यवहाराच्या दृष्टीने आवश्यक आहे.

आवश्यक अशासाठी की, या ज्ञानाचे अर्धवट तुकडे आता रुग्णांच्या नातलगांपर्यंत पोहोचले आहेत. 'मेंदूच्या आजाराचा प्रतिकारशक्तीशी संबंध आहे' एवढेच वाक्य ऐकून कोणी प्रतिकारशक्ती वाढविणारे औषध मागतो, तर कोणी लग्नापूर्वी मुलीची जनुकतपासणी करून घ्यावी काय, असे विचारतो. दोन्ही प्रश्नांना चुकीचे उत्तर दिल्यास नुकसान होते. त्याचा विचार लेखाच्या उत्तरार्धात केला आहे.

व्याधी आणि तिचा वारसा

स्किझोफ्रेनिया हे नाव स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये दिले. त्यापूर्वी जर्मनीतील एमिल क्रेपेलिन यांनी याच विकारसमूहाचे वर्णन तारुण्यात येणारा बुद्धिऱ्हास असे केले होते. नसलेले आवाज ऐकू येणे, कोणी पाळतीवर आहे अशी दृढ भ्रामक समजूत, विचारांची विस्कळीत गती ही एक बाजू. बोलणे, भावना, उत्साह, स्वतःची निगा हे सारे आटत जाणे ही दुसरी बाजू, आणि कुटुंबाला दीर्घकाळ जाच होतो तो हिचाच. शंभरातील सुमारे एका व्यक्तीस आयुष्यात केव्हातरी हा विकार होतो. पुरुषांत प्रारंभ बहुधा वयाच्या अठरा ते पंचविशीच्या आसपास, स्त्रियांत काही वर्षे उशिरा.

हा विकार घराण्यात आढळतो, हे जुने निरीक्षण आहे. जुळ्यांच्या अभ्यासांवरून त्याची आनुवंशिकता सुमारे ८० टक्के मानली जाते. या आकड्याचा अर्थ मात्र सावधपणे घ्यावा लागतो. समाजातील व्यक्ती-व्यक्तींमध्ये या विकाराच्या प्रवणतेत जो फरक दिसतो, त्याचा मोठा भाग जनुकीय भेदांनी स्पष्ट होतो, एवढेच तो आकडा सांगतो. रुग्णाच्या मुलांपैकी ८० टक्के मुले आजारी पडतात, असे तो सांगत नाही. आई किंवा वडील यांपैकी एकास विकार असता अपत्यास तो होण्याचे प्रमाण शेकडा दहाच्या आसपास असते. जनुकांचा संच तंतोतंत सारखा असलेल्या एकबीज जुळ्यांतही एकास आजार असता दुसऱ्यास तो होण्याचे प्रमाण, वेगवेगळ्या अभ्यासांनुसार, सुमारे एकतृतीयांश ते निम्मे आहे. उरलेली जुळी भावंडे तेच बीज घेऊन निरोगी राहतात.

येथे एक विषयांतर करणे भाग आहे. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइखमन यांच्या लिखाणातून 'स्किझोफ्रेनिया उत्पन्न करणारी आई' ही कल्पना पुढे आली आणि पुढील दोन-तीन दशके पाश्चात्त्य देशांतील असंख्य मातांना मुलाच्या आजाराबद्दल दोषी धरण्यात आले. आनुवंशिकतेच्या अभ्यासाने तो दोषारोप पुसला, हे त्याचे उपकारच. परंतु आईच्या वागणुकीला दिलेला दोष आता आईच्या 'घराण्याला' दिला जाऊ लागला, तर मिळविलेले सारे गमावल्यासारखे होईल. आपल्या समाजात ही भीती काल्पनिक नाही.

सहाव्या गुणसूत्रावरील गर्दी

मानवी जनुकसंचात सहाव्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर प्रतिकारसंस्थेच्या जनुकांची दाट वस्ती आहे. त्या भागास 'एमएचसी' असे म्हणतात. अवयवरोपणापूर्वी जे 'एचएलए' जुळवून पाहिले जाते, ते येथलेच. या भागाची दोन वैशिष्ट्ये आहेत. एक, येथील जनुकांत व्यक्तीपरत्वे विलक्षण विविधता आढळते. दुसरे, शेजारची जनुके सुटी न होता गटागटानेच पिढ्यान्‌पिढ्या उतरतात. त्यामुळे एखाद्या रोगाचा संबंध या वस्तीशी आहे हे कळले, तरी नेमके कोणते जनुक जबाबदार, हे ठरविणे अतिशय कठीण जाते.

२००९ मध्ये तीन आंतरराष्ट्रीय गटांनी एकाच वेळी 'नेचर'मध्ये निबंध प्रसिद्ध केले आणि स्किझोफ्रेनियाचा संबंध या भागाशी असल्याचे दाखविले. २०१४ मध्ये सुमारे ३७,००० रुग्ण आणि १,१३,००० निरोगी व्यक्तींच्या जनुकसंचांची तुलना होऊन १०८ स्थाने निश्चित झाली. त्यांतही सर्वांत ठळक संकेत याच वस्तीतून आला. २०२२ च्या अभ्यासात स्थानांची संख्या २८७ झाली. एकेका स्थानाचा परिणाम अत्यल्प, परंतु अशा असंख्य अल्प परिणामांची बेरीज होऊन प्रवणता ठरते. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब यांच्या जनुकीय चित्रासारखेच हे चित्र आहे. 'स्किझोफ्रेनियाचे जनुक' असे एकवचनी काही अस्तित्वात नाही.

वस्तीतील नेमके घर शोधण्याचे काम अमेरिकेतील हार्वर्ड मेडिकल स्कूल आणि ब्रॉड इन्स्टिट्यूट येथील स्टीव्हन मॅकॅरोल, बेथ स्टीव्हन्स, मायकेल कॅरोल आणि त्यांचे सहकारी यांनी केले. निबंधाचे प्रथम लेखक अश्विन सेकर हे तेव्हा मॅकॅरोल यांच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी होते. त्यांच्या लक्षात आले की, सी४ जनुकाची रचना इतर जनुकांप्रमाणे सरळ नाही. त्याचे 'ए' आणि 'बी' असे दोन प्रकार आहेत. दोन्ही प्रथिनांत अवघ्या चार अमिनो आम्लांचा फरक आहे, पण त्यामुळे सी४ए प्रथिनयुक्त पृष्ठभागाला अधिक सहजतेने चिकटते, तर सी४बी शर्करायुक्त पृष्ठभागाला. शिवाय प्रत्येक प्रकार 'लांब' किंवा 'आखूड' असू शकतो. लांब प्रकारात एका प्राचीन विषाणूचा जनुकखंड घुसून बसलेला आहे! अतिप्राचीन काळी आपल्या पूर्वजांच्या बीजात शिरलेला हा विषाणू आज निरुपद्रवी आहे, तथापि जनुकाच्या कार्याचे प्रमाण तो बदलतो. आणि या सर्वांवर कडी म्हणजे, काहींच्या एका गुणसूत्रावर सी४ची एकच प्रत असते, काहींच्या दोन किंवा तीन.

संशोधकांनी प्रथम हे निरनिराळे संच वेगळे ओळखण्याची पद्धत बसविली आणि नंतर २८,७९९ रुग्ण व ३५,९८६ निरोगी व्यक्ती यांच्या माहितीत ते शोधले. निष्कर्ष असा निघाला की, ज्या संचामुळे मेंदूत सी४ए अधिक प्रमाणात तयार होते, त्या संचाच्या व्यक्तींत स्किझोफ्रेनियाची शक्यता अधिक. एकच आखूड 'बी' प्रत असलेल्या संचाच्या तुलनेत दोन लांब 'ए' प्रती असलेल्या संचाशी निगडित जोखीम सुमारे १.२७ पट. मृत्यूनंतर तपासलेल्या रुग्णांच्या मेंदूतही सी४एची पातळी निरोगी मेंदूपेक्षा सुमारे १.४ पट आढळली.

छाटणी

प्रतिकारसंस्थेचे प्रथिन मेंदूत काय करते, हा खरा जिज्ञासेचा भाग आहे.

सी४ हे 'पूरक' प्रथिनांच्या मालिकेतील आहे. सी१क्यू हे प्रथिन नको असलेल्या वस्तूवर बसते. मग सी४चे विभाजन होऊन त्याचा तुकडा त्या वस्तूला चिकटतो. त्यापाठोपाठ सी३चा तुकडा चिकटतो. हा तुकडा म्हणजे जणू 'हे उचलून न्या' अशी खूण. ती ओळखणाऱ्या भक्षकपेशी येऊन वस्तू गिळतात. रक्तात ही वस्तू म्हणजे जंतू किंवा मृत पेशींचा कचरा.

मेंदूत चेतापेशी ज्या ठिकाणी एकमेकींशी संपर्क साधतात त्या संधींना सिनॅप्स म्हणतात. बाल्यावस्थेत या संधी गरजेपेक्षा पुष्कळ अधिक तयार होतात. पीटर हटनलोकर यांनी १९७९ मध्ये वेगवेगळ्या वयात मृत्यू पावलेल्या व्यक्तींच्या मेंदूतील संधी मोजून दाखविले की, कपाळामागील भागात त्यांची संख्या बालपणी शिगेला पोहोचते आणि पुढे उतरत जाते. शेतकरी बाजरीची विरळणी करतो, त्याप्रमाणे वापरात असलेल्या संधी राखून दुबळ्या संधी काढल्या जातात. ही छाटणी निरोगी वाढीचाच भाग आहे. विवेक, नियोजन, आवर घालणे ही कार्ये सांभाळणाऱ्या अग्रभागात ती सर्वांत उशिरा, विशीतही, चालू असते.

१९८२ मध्ये अमेरिकेतील आयर्विन फाइनबर्ग यांनी तर्क मांडला की, किशोरवयातील ही छाटणी बिघडली तर स्किझोफ्रेनिया उद्भवत असावा. विकार नेमका याच वयात का प्रकट होतो, याचे उत्तर त्या तर्कात होते. रुग्णांच्या मेंदूत चेतापेशींच्या शाखांवरील काटेसदृश उंचवटे कमी असल्याचे पुढे काही अभ्यासांत दिसलेही. परंतु छाटणी करणारा कोण, हे ठाऊक नव्हते. २००७ मध्ये बेथ स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी उंदरांत दाखविले की, सी१क्यू आणि सी३ ही पूरक प्रथिने संधींवर खुणा करतात. २०१२ पर्यंत हेही स्पष्ट झाले की, खूण केलेल्या संधी गिळणाऱ्या पेशी म्हणजे मेंदूतील भक्षकपेशी, मायक्रोग्लिया. जंतू व कचरा उचलणारी यंत्रणाच मेंदूने छाटणीसाठी वापरली आहे! २०१६ च्या निबंधात सी४ नसलेल्या उंदरांत छाटणी अपुरी झाल्याचे दिसले. उलट बाजूने, मानवी सी४ए अधिक तयार करणाऱ्या उंदरांत संधी कमी राहतात आणि वर्तनातही फरक पडतो, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१९ मधील आणखी एका प्रयोगात रुग्णांच्या रक्तपेशींपासून मायक्रोग्लियासारख्या पेशी तयार करण्यात आल्या. निरोगी व्यक्तींच्या पेशींपेक्षा त्यांनी संधींचे अधिक भक्षण केले.

साखळी आता अशी दिसते : जनुकसंच, त्यामुळे अधिक सी४ए, त्यामुळे अधिक खुणा, त्यामुळे अधिक भक्षण, आणि किशोरवयात संधींची गरजेहून अधिक घट. यांतील प्रत्येक दुव्याला काही ना काही पुरावा आहे. संपूर्ण साखळी एकाच जिवंत रुग्णात आरंभापासून अंतापर्यंत पाहिली गेलेली नाही, हेही तितकेच खरे.

तराजूचे दुसरे पारडे

२०२० मध्ये याच गटाने ल्युपस आणि श्योग्रेन सिंड्रोम (डोळे व तोंड कोरडे पडण्याचा विकार) या दोन व्याधींत सी४चे संच तपासले. निष्कर्ष उलटा निघाला. ज्या संचांमुळे स्किझोफ्रेनियाची शक्यता वाढते, त्याच संचांमुळे या दोन व्याधींची शक्यता मोठ्या प्रमाणात कमी होते. सी४च्या प्रचलित संचांनुसार ल्युपसच्या जोखमीत सुमारे सातपट आणि श्योग्रेनच्या जोखमीत सुमारे सोळापट फरक पडतो. म्हणजे मानसविकारापेक्षा या शारीर विकारांवरच सी४चा प्रभाव कितीतरी मोठा आहे. कारणही समजण्यासारखे आहे. मृत पेशींचा कचरा वेळीच उचलला गेला नाही, तर प्रतिकारसंस्था त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू लागते. सी४ भरपूर असले की निचरा चांगला होतो.

तिन्ही विकारांत या संचांचा परिणाम पुरुषांत अधिक तीव्र असल्याचेही आढळले. वीस ते पन्नास या वयात पुरुषांच्या रक्तात आणि मेंदूजलात सी४ व सी३ यांची पातळी स्त्रियांपेक्षा अधिक असते. ल्युपस स्त्रियांत जास्त, आणि स्किझोफ्रेनिया पुरुषांत लवकर व काहीसा अधिक तीव्र का, याचे अंशतः स्पष्टीकरण येथे मिळते.

प्रस्तुत लेखकाच्या मते संपूर्ण विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. प्रतिकारसंस्थेचा एखादा घटक 'जास्त तेवढा चांगला' नसतो. तोच घटक एका ठिकाणी रक्षण करतो आणि दुसऱ्या ठिकाणी अपाय करू शकतो.

जे सिद्ध झालेले नाही

१.२७ पट हा आकडा रुग्णाला कसा सांगावा? हजार व्यक्तींत साधारण दहा जणांना हा विकार होतो असे धरले, तर जोखमीच्या संचाच्या हजार व्यक्तींत तो बारा-तेरा जणांना होईल. उरलेल्या नऊशे सत्त्याऐंशी व्यक्ती तोच संच घेऊन निरोगी आयुष्य जगतील. म्हणून सी४ची जनुकतपासणी करून एखाद्या मुलामुलीचे भविष्य वर्तविणे अशास्त्रीय आहे. रक्तातील सी४ मोजणे तर या बाबतीत पूर्णपणे निरुपयोगी, कारण रक्तातील सी४ मुख्यत्वे यकृतात तयार होते आणि ताप, जंतुसंसर्ग अशा कारणांनीही बदलते.

दुसरी मर्यादा लोकसमूहांची. हे बहुतेक काम युरोपीय वंशाच्या व्यक्तींवर झाले आहे. २०१९ मध्ये पूर्व आशियातील सुमारे २२,००० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा एमएचसी भागातील हा ठळक संकेत तेथे मिळाला नाही. सी४चे संच निरनिराळ्या लोकसमूहांत निरनिराळ्या प्रमाणात असतात, हे त्याचे एक संभाव्य कारण. भारतातील जाती-जमातींची जनुकीय विविधता प्रचंड आहे आणि या मोठ्या अभ्यासांत भारतीयांचा वाटा नगण्य आहे. युरोपातील निष्कर्ष सातारा किंवा नांदेडच्या रुग्णाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

तिसरी मर्यादा चिकित्सेची. मिनोसायक्लिन हे जुने जंतुनाशक मायक्रोग्लियाची क्रिया मंदावते. २०१९ च्या वर उल्लेखिलेल्या प्रयोगात त्याने संधींचे भक्षण कमी केले. पण नुकताच विकार सुरू झालेल्या रुग्णांना ब्रिटनमध्ये ते वर्षभर देऊन पाहिले, तेव्हा काहीही लाभ झाला नाही. २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. छाटणी होऊन गेल्यावर कात्री काढून घेण्यात अर्थ नाही, असे कोणी म्हणतील. ते खरे असेलही, परंतु पुराव्याच्या अभावी ते केवळ समर्थन ठरते. पूरक प्रथिनांवर कार्य करणारे स्किझोफ्रेनियाचे कोणतेही औषध आज मान्यताप्राप्त नाही. प्रचलित औषधे मुख्यतः डोपामिनवर कार्य करतात. २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले झॅनोमेलिन-ट्रॉस्पियम हे वेगळ्या मार्गाने जाणारे औषधही प्रतिकारसंस्थेशी संबंधित नाही.

शास्त्रविचार

चरकसंहितेत निदानस्थानाचा सातवा आणि चिकित्सास्थानाचा नववा अध्याय उन्मादाला वाहिलेला आहे. मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा आणि आचार या आठांचा विभ्रम म्हणजे उन्माद, ही व्याख्या आजही लक्षणांची यादी म्हणून अपुरी वाटत नाही. तथापि उन्माद म्हणजेच स्किझोफ्रेनिया असे समीकरण करू नये. उन्मादाच्या कक्षेत आज भिन्न मानल्या जाणाऱ्या अनेक व्याधी येतात.

अशा लेखांत चरकांच्या 'बीजभागावयव' या शब्दावर बोट ठेवून 'आमच्या शास्त्रात जनुके होतीच' असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. बीजदोषाचा स्पष्ट उल्लेख चरकांनी सहज अर्श आणि प्रमेह यांच्या संदर्भात केला आहे. उन्मादाच्या हेतूंत विरुद्ध, दुष्ट व अशुचि भोजन, मनोभिघात, भय-हर्ष, विषम चेष्टा असे घटक येतात, बीजदोष येत नाही. ग्रंथात नाही ते ग्रंथाच्या तोंडी घालणे हा ग्रंथाचा सन्मान नव्हे.

जे आहे, ते मात्र पुरेसे विचारप्रवर्तक आहे. सूत्रस्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात व्याधिक्षमत्वाची चर्चा करताना चरकांनी व्याधी सहन न करणाऱ्या शरीरांची गणना केली आहे. अतिस्थूल, अतिकृश, असात्म्य आहारावर पोसलेले, अल्पाहारी यांच्याबरोबर त्यांत 'अल्पसत्त्व' व्यक्तीही येते. आणि उन्मादाच्या संप्राप्तीत दूषित झालेले दोष ज्याच्या हृदयाला, म्हणजे बुद्धीच्या आश्रयाला, दूषित करतात, तोही 'अल्पसत्त्व'च! मनाचे बळ आणि शरीराची व्याधिक्षमता यांना शास्त्रकारांनी एकाच शब्दाने जोडले आहे. यावरून सी४ सिद्ध होत नाही. परंतु मन व प्रतिकारसंस्था ही दोन स्वतंत्र दालने नाहीत, हा विचार आपल्या परंपरेला परका नाही, एवढे निश्चित म्हणता येते. चक्रपाणिदत्तांनी व्याधिक्षमत्वाचे दोन अर्थ दिले आहेत : उत्पन्न व्याधीच्या बलाला विरोध आणि व्याधीच्या उत्पत्तीला प्रतिबंध. त्यांत कोठेही 'अमर्याद वाढ' अभिप्रेत नाही.

चिकित्सालयात आणि दुकानात

२०२० च्या साथीनंतर 'इम्युनिटी' हा शब्द प्रत्येक दुकानाच्या फलकावर आला. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाचे नातलग असे औषध मागतात, तेव्हा विक्रेत्याने सरळ सांगावे की, या विकारात प्रतिकारशक्ती 'कमी' असल्याचा पुरावा नाही; सी४विषयीचे संशोधन काही सुचवीत असेल, तर ते उलट दिशेचे. गुडूचीसारख्या आदरणीय वनस्पतीबाबतही डोळस असावे. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतदाह झालेल्या सहा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वनस्पतीची ओळख नीट पटविली नसल्याचा मुद्दा मांडला. वाद काहीही असो, मनोविकाराची औषधे घेणाऱ्याच्या यकृतावर आधीच भार असू शकतो, त्यामुळे अशा रुग्णाने अशी औषधे मनाने घेऊ नयेत.

सर्पगंधेचा इतिहास आपल्याला अभिमानाचा आहे. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा उन्माद व उच्च रक्तदाबातील उपयोग नोंदविला, १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम वकील यांनी रक्तदाबावरील अनुभव ब्रिटनमध्ये प्रसिद्ध केले, आणि १९५४ मध्ये न्यू यॉर्क राज्यात नेथन क्लाइन यांनी तिच्यातील रिसर्पिन मनोरुग्णांवर वापरले. डोपामिनविषयीच्या आजच्या ज्ञानाचा एक धागा तेथून निघतो. पण याच इतिहासाने हेही शिकविले की, रिसर्पिनने रक्तदाब फार उतरतो आणि विषण्णता येऊ शकते. मनोविकारतज्ज्ञांची औषधे चालू असलेल्या रुग्णाला सर्पगंधायुक्त गोळी चिठ्ठीविना देणे धोक्याचे आहे. ब्राह्मी, जटामांसी, कल्याणक घृत यांचा योग्य वैद्याने केलेला पूरक उपयोग ही वेगळी गोष्ट. त्यासाठी चालू औषध बंद करावयास सांगू नये. औषध अचानक बंद केल्यावर येणारा दुसरा झटका पहिल्यापेक्षा आवरण्यास अनेकदा कठीण असतो.

प्रतिकारसंस्थेचा संबंध चिकित्सेतही प्रत्यक्ष येतो, तो क्लोझापिनच्या रुग्णात. इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियात हे औषध सर्वांत प्रभावी आहे, परंतु शेकड्यात एकाहून कमी रुग्णांत ते श्वेतपेशींचा एक प्रकार जवळजवळ नाहीसा करते. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये यामुळे मृत्यू झाल्यावर काही काळ ते मागे पडले होते. रक्ततपासणीच्या अटीवर ते पुन्हा वापरात आले. या दुष्परिणामाची प्रवणताही एचएलए भागातील काही भेदांशी निगडित आहे. असा रुग्ण घसा दुखतो, ताप आहे म्हणून आपल्याकडे आला, तर ज्वरघ्न काढा किंवा सितोपलादी देऊन घरी पाठवू नये. त्याच दिवशी श्वेतपेशींची मोजणी करून घ्यावी आणि मूळ चिकित्सकास कळवावे. दुकानात 'कफाचे काहीतरी द्या' म्हणणाऱ्यास इतर कोणती औषधे चालू आहेत, एवढा एक प्रश्न विक्रेत्याने विचारावा.

आणखी एका व्याधीची ओळख प्रत्येक वैद्यास असावी. २००७ मध्ये जोसेप डाल्माउ आणि सहकाऱ्यांनी मेंदूतील एनएमडीए ग्राहकांविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाल्याने होणारा मेंदूदाह वर्णिला. रुग्ण बहुधा तरुण स्त्री असते. डोकेदुखी-ताप अशी किरकोळ सुरुवात, काही दिवसांतच भास, संशय, असंबद्ध बडबड. मग आकडी, तोंडाच्या विचित्र हालचाली, ताठरणे, श्वास अनियमित होणे. काही रुग्णांत बीजकोशात गाठ असते. घरचे लोक याला बाहेरची बाधा समजतात आणि शास्त्र शिकलेला माणूसही आगंतू उन्माद म्हणून थांबू शकतो. वेळीच निदान होऊन प्रतिकारसंस्थेवरील उपचार मिळाल्यास सुमारे ८० टक्के रुग्ण दोन वर्षांत चांगले सुधारतात. म्हणून ज्या उन्मादाला काही दिवसांचाच इतिहास आहे आणि ज्यासोबत ताप, आकडी किंवा ताठरणे आहे, त्या रुग्णास त्याच दिवशी मेंदूविकारतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात पाठवावे.

विवाहाविषयी विचारणा झाल्यास वर दिलेले आकडे शांतपणे सांगावेत. 'लग्न केले की बरा होईल' हा सल्ला ज्याच्या तोंडून निघतो, तो दोन आयुष्यांशी खेळतो. 'घराण्यात वेड आहे' म्हणून निरोगी बहिणीचे स्थळ मोडावयास लावणाराही तेच करतो. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांपैकी बहुतांश, शेकडा नव्वदच्या आसपास, आयुष्यभर या विकारापासून मुक्त राहतात. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा काही महिन्यांपासून एकटा राहू लागला, अभ्यासात घसरला, रात्री जागतो, कोणी आपल्याविषयी बोलते असे म्हणतो, तर तपासण्यांच्या मागे न लागता त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे नेण्यास पालकांना राजी करावे. गावात तज्ज्ञ नसल्यास केंद्र शासनाच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. तो औषधालयाच्या दर्शनी भागात लिहून ठेवावा.